मागाजवळचा माठ

आप्पा,

आज कार्तिक वद्य पंचमी, मंगळवार. कॅम्पातल्या चर्चची सहाची घंटा आताच ऐकू आली. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून ताण्याचे तुटलेले धागे सांधत होतो, ते ठेवून लिहायला घेतलं. पाचवीपर्यंतच शिकलो, म्हणून प्रत्येक शब्द तपासून लिहितो.

आईचे गुडघे धरलेत. पन्नाशीलाच न्हाणीपर्यंत भिंत धरून जाते. परवा वैद्यांनी विचारलं, "दिवसातून कितीदा उठता?" आई कौतुकानं म्हणाली, "कशाला उठू? पोरगं समदं हातात देतंय." वैद्य माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "वय वाढेल तसं थोडं थोडं, पण सारखं हलावं लागतं. बसून राहिलं की सांधे बसतात." आणि मला तो माठ आठवला.

तुम्ही हातभर कापड विणलं की हाक मारायचा, "पाणी आण गं!" आई सुताच्या कांड्या भरायचा रहाट थांबवून परड्यातल्या आडावर जायची. तांब्या आपटत म्हणायची, "पोटात उंट हाय का काय तुमच्या?" तुम्ही म्हणायचा, "उंटाला एकदा पाजलं की आठ दिस बघाय नको. मला रोज पाज." मी बारा वर्षांचा. मला तिची लई कीव यायची. साठवलेल्या पैशांतून खानापूरचा माठ आणला, भरून तुमच्या डाव्या हाताशी ठेवला. शाबासकी मिळेल वाटलं होतं. तुम्ही माठाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "शाणा झालास व्हय रं?" एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पाण्याऐवजी गूळ मागायला लागलात, मग चुना, मग पंचा. ह्या माणसाला बायको बसलेली बघवत नाही, असं मला वाटलं. चार दिवस मी तुमच्याशी बोललो नाही.

दोन वर्षांनी तुम्ही तापात गेलात. मी तो माठ उचलून आईच्या रहाटाशी ठेवला. भरलेलं ताटसुद्धा तिथंच देत आलो. नऊ वर्षं. ह्याला मी सेवा म्हणत होतो.

वैद्यांकडून आल्यावर माठ परड्यात नेला. हातभर विणलं आणि हाक मारली, "आई, पाणी आण गं." रहाट थांबला. मग भिंत धरत आई तांब्या घेऊन आली.

"बापावर गेलास," ती म्हणाली. मग धापा टाकत उंबऱ्यावर टेकली. "त्यास्नी तरी कुठं तहान असायची? अर्धा तांब्या खिडकीतनं शेवग्याच्या बुडात वतायचे."

"तुला ठावं होतं? मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर परत मागितलं असतं व्हय त्यांनी?"

ती हसली, आप्पा. मला मान वर करवेना. धोटा उगाच इकडून तिकडे फिरवत राहिलो.

हे पत्र कुठं धाडायचं ठाऊक नाही. माठाच्या रिकाम्या तिवईवर ठेवतो. काल आई नऊ वेळा उठली, भिंत चारदाच धरली. शेवग्याला पाणी जरा जास्तच होतंय. आणि तुमचे ते न बोललेले चार दिवस अजून माझ्याकडे निघतात.