कडेची रेघ

३ मार्च, सोमवार
…दूध वर येत होतं, कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, माझे हात पिठाचे, आणि समोर कॅमेरा डोळ्याला लावून हे. म्हणाले, "पडद्याजवळ ये. एक मिनिट थांब." थांबले. फोटो आला तर पडद्याशेजारी मी धुरकट. एकतीस वर्षांच्या संसारात माझा एकही फोटो स्पष्ट नाही. यांना जाऊन दोन वर्षं झाली, त्यांच्या हाताला बोल लावणार नाही. दोष लेन्सचा. मी नेहमी फोटोच्या कडेला, आणि जुन्या लेन्स कडेला कच्च्या असतात. वाचनालयातल्या मासिकात आलेखासकट दिलंय.

नणंदेचा फोन. "वहिनी, कपाटात कॅमेऱ्याला बुरशी येईल. आमच्या जावयाला दे." सांगितलं, रविवारी तुझ्याकडे सगळे जमतील त्यांचा फोटो मी काढणार. चांगला आला तर कॅमेरा माझ्याकडे राहील. म्हणाली, "आणि नाही आला तर?" या प्रश्नाला अर्थ नाही.

५ मार्च
आलेख सोपा आहे. डावीकडे फोटोचा मध्य, उजवीकडे कड. रेघ जितकी वर तितकं चित्र स्पष्ट. आलेख वाचायला मी इस्पितळात शिकले. यांच्या पलंगाला तापाचा कागद अडकवलेला असे. तिथे रेघ खाली आली की मी जेवायची. इथे उलटं. सवय व्हायला एक दिवस गेला.

एक रेघ सलग, एक तुटक. दोघी जवळजवळ चालल्या तर लेन्स गुणी. नणंदेच्या लेकीचा आणि जावयाचा आलेख काढला तर… असो.

निश्चय: रोज चार आलेख. कॅमेरा हातात घ्यायची घाई नाही. ते काय, शेवटी नुसतं बटण दाबायचं.

६ मार्च
सात आलेख. भाजी करपली. विकत घ्यायची नवी लेन्स ठरली. रेघ कडेपर्यंत सपाट, टेबलासारखी.

७ मार्च, दुपारी
लेन्सच्या दुकानदाराने विचारलं, "काकू, फोटो कशाचा काढायचा आहे?" म्हटलं, कडा. पुरावा म्हणून पडद्याचा फोटो पुढे केला. त्याने भिंग लावलं. म्हणाला, पडदा तुमच्या अगदी शेजारी आहे आणि त्याचा धागा न् धागा मोजता येतोय. "लेन्स चांगली आहे, काकू. तुम्ही हललात."

माणूस लेन्स विकायला बसलाय की नाही, कळेना. तरी मी ठरवलेली लेन्स त्याने कॅमेऱ्याला बसवून दिली, सोमवारपर्यंत वापरून बघा म्हणाला.

माझा हलायचा स्वभाव नाही. हे त्याला दारातूनच सांगावं लागलं, कारण गॅस बंद केला होता की नाही, आठवेना.

८ मार्च
एका फोटोवरून काही ठरत नाही, म्हणून चौतीस पाहिले. माझ्या शेजारचं घड्याळ स्पष्ट. कपाटाची कडी स्पष्ट. एकात तर माझा हात फोटोबाहेर पोचलाय, गॅसच्या दिशेने. चौतीसच आहेत. आणखी असते तर लेन्सचा दोष नक्की सापडला असता.

कॅमेऱ्याचा सराव करायचा होता. राहिला.

१० मार्च, सोमवार
काल बारा माणसं ओळीने उभी केली. कोणी हलायचं नाही, असा दम भरला. बटण दाबता दाबता नणंदेच्या स्वयंपाकघरातून दूध लागल्याचा वास आला.

फोटोत मध्यापासून कडेपर्यंत सगळे सारखे. रेघ हवी होती तशी सपाट, फक्त तळाला. नणंद हसत सुटली. "वहिनी, यात मी कुठली गं?" मग डोळे पुसून म्हणाली, दादा सांगायचा, हिला मिनिटभर उभी केली की मी जिंकलो.

कॅमेरा जावयाने नेला. "मामी, जपून वापरीन" म्हणाला. वापरील.

आज सकाळी लेन्स दुकानात परत दिली. घरी येऊन दूध तापत ठेवलं. मग गॅस बंद केला, पडद्याजवळ खुर्ची ओढली आणि एक मिनिट बसले.