जागेवरून उठते का?

३ जून
धाकट्या बहिणीने आज पुन्हा डोकं खाल्लं. औषधांच्या गोदामात दोनदा चुकीच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या बाईसाहेबांनी! साहेब म्हणे, "लक्ष न लागण्याचा आजार असेल तर डॉक्टरचा दाखला आणा, दुसरं काम देतो. नाहीतर महिनाअखेर घरी बसा." अडतीस वर्षांची घोडी — आणि आजार! नाचता येईना अंगण वाकडं.

५ जून
तिच्यासोबत डॉक्टरीणबाईंकडे जावं लागलं. शिवायला घेतलेले पडदे तसेच पडले. फॉर्म दोन. एक तिचा, आत्ताचा. दुसरा ती बारा वर्षांची होण्याआधीचा — तो घरच्या मोठ्या माणसाने भरायचा. आई राहिली नाही, म्हणून मी.

मुलांच्या फॉर्मात लिहिलंय, "सारखी पळते, चढते." मोठ्यांच्या फॉर्मात, "आतून अस्वस्थ वाटतं." मी म्हटलं, म्हणजे लहानपणी टेबलावर चढलं तर आजार, आणि मोठेपणी मनातल्या मनात चढलं तरी आजार! बाई हसल्या नाहीत. "वय वाढतं तशी लक्षणं आत जातात. पण लहानपणी ती दिसलेली असावी लागतात. त्याशिवाय मला दाखला देता येत नाही."

धाकटी माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मला कीव यायला हवी होती. रागच आला.

८ जून
फॉर्म भरला. "अभ्यास करताना जागेवरून उठते का?" — कधीच नाही. "अभ्यास अर्धवट सोडते का?" — कधीच नाही. एक अक्षर खोटं नाही! तीन-तीन तास हलायची नाही.

९ जून
फॉर्म देऊन आले. फार बरं वाटलं.

२० जून
दाखला नाही! "बालपणी लक्षणं आढळत नाहीत." तिचा चेहरा एवढासा झाला. म्हटलं, आता तरी नाटकं पुरे कर. रात्री दोन घास जास्तच जेवले.

३० जून
तिची नोकरी गेली. संध्याकाळी आली, रडली नाही. पडद्यांच्या ढिगाशेजारी बसून म्हणाली, "बाईंनी मला एकटीला विचारलं होतं गं ताई, लहानपणी इतकी शांत कशी बसायचीस म्हणून. तू मला दोरीने खुर्चीला बांधायचीस, ते नाही सांगितलं मी. उगाच तुला बोल लागला असता."

आईने बांधायला एकदाच सांगितलं होतं. पुढची चार वर्षं मी आपणहून बांधत होते.