तापातली पपई

आये,

पाया पडतो. महिनाभर आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो, कारण तू चिडणार हे माहीत होतं. फोनवर तर तू मला बोलूच देत नाहीस.

मला चिकनगुन्या झाला होता, बोटं सुजून मूठसुद्धा वळत नव्हती. आता बरा हाय. विंचूरचं कांद्याचं काम सोडलं. तिथला एक हमाल गोणी पाठीवर घेऊन शीळ घालायचा, पण ते जाऊ दे. आता निफाडला अंबूबाई नावाच्या एका बाईंच्या फळांच्या गाडीवर असतो.

तापात त्यांनी मला पपई अन् पेरू खायला घातले. मी म्हणालो, "आमच्यात तापात फळ देत नाय."

"मग घरी गेल्यावर पाळ. इथं मी देते ते खायचं."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, गोळ्या सोडू नको आणि फळं खा, सूज उतरायला मदतच होईल. पंधरा दिवसांनी माझी मूठ वळायला लागली.

आबांनाही तोच ताप आलाय आणि तू त्यांना नुसती नागलीची पेज देतेस, असं ताईनं सांगितलं. गुडघे सुजलेत, खाटेवरून उठवत नाय म्हणे. आये, ह्या वेळी मी तुझं ऐकणार नाय. त्यांना दवाखान्यात ने आणि पपई दे. बाधली तर खुशाल मला शिव्या घाल. शेळी व्याली का?

थांब. गाडीसमोर आबा उभे हायेत. ताईकडून सगळं ऐकून एकटेच एस्टीनं आलेत, काठी टेकत. म्हणतात, "तुझ्या आईला कळवू नको. आधी ती पपई काप."

तुझा,
यशवंत