काजलचा दोर

९ ऑगस्ट १९७४, शुक्रवार

आठवा दिवस! खाटेच्या पायथ्याला दोन्हीकडे दोन-दोन विटा. डोकं खाली, पाय वर. बाळंत होईपर्यंत असंच पडून राहायचं म्हणे. मोरीपर्यंतसुद्धा उठायचं नाही.

आधीची दोन्ही सातव्या महिन्यातच आली. दोन्ही गेली. आता पुन्हा सातवा लागला.

वही इकबालनं आणून दिली. नवऱ्याला एवढं तरी सुचलं! लिहिते मराठीत. मी म्युनिसिपालटीच्या शाळेतली, तो उर्दू शाळेतला. सासूबाईंचा तर अंगठाच. म्हणजे काहीही लिहायला मोकळी.

खिडकीतून काय दिसतं? कंपनीची भिंत. भोंगा झाला की शिफ्ट सुटते आणि भिंतीपलीकडून सायकलींच्या घंट्या ऐकू येतात. पिंपरीत चार वर्षं झाली, पण ही भिंत एवढी लांब आहे हे आत्ता कळलं.

११ ऑगस्ट, रविवार

अब्बा आले होते — आणि दारातूनच परत! अम्मींनी, म्हणजे सासूबाईंनी, आत येऊच दिलं नाही. का, तर कपड्यांना घोडीचा वास. पोटुशी बाईनं घोडीचा दोर ओलांडला तर मूल घोडीच्या पिलासारखं अकरा महिने पोटात राहतं, असं त्यांच्या गावाकडे मानतात. पण वासानंसुद्धा? "घोडी का नाम नक्को लेना इस घर में!"

अब्बा मोतद्दार. पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांचा खरारा, दाणा-पाणी करण्यात जन्म गेला. त्यांची लाडकी घोडी काजल म्हातारी झाल्यावर तळेगावच्या पुढं फार्मवर गेली, तिच्याबरोबर हेही गेले. एवढ्या लांबून पिशवी घेऊन आलेला माणूस! लेकीचं तोंड बघू दिलं नाही. नळापाशी दोघांची कुजबुज मात्र बराच वेळ चालली होती. भांडतच असणार. मी उशी चावत पडले.

१४ ऑगस्ट

खाटेखाली आता अम्मीच झाडतात. शेजारच्या कस्तुराबाई — दवाखान्यात नर्स आहेत, रोज बघून जातात — त्यांनी झाडू उचलला तर अम्मींनी हातातून ओढून घेतला. कस्तुराबाई म्हणाल्या, "काय बाई पहारा! तुरुंगातबी असा नसंल." बरोबर बोलल्या.

१९ ऑगस्ट

दिवसभर शर्यती बघते, डोळे मिटून. दुसरं काय करणार!

आजची ६३ सालची. मी अकरा वर्षांची. तबेल्यामागच्या पाण्याच्या टाकीचं झाकण ही माझी जागा. तिथून शेवटचं वळण आणि पुढची सरळ धाव पूर्ण दिसायची. खाली अब्बा, मैदानाकडे पाठ, हातात बादली. काजलची शर्यत त्यांनी कधीच पाहिली नाही! छाती धडधडते म्हणायचे. "बोल खैरून, कुठं आहे ती?" आणि मी वरून सांगायची.

त्या दिवशी चिखल इतका की नऊच्या नऊ घोडे एका रंगाचे. जॉकीसुद्धा ओळखू येईनात. पण काजल डावा कान पाडून पळायची. शेवटच्या वळणावर तो कान सगळ्यांच्या मागं. "शेवटची आहे, अब्बा." बादली जरासुद्धा हलली नाही. मग ती बाहेरच्या अंगानं निघाली. एक घोडा मागं टाकला, दोन, चार — मी आकडे ओरडतेय, पायाखाली झाकण दणदणतंय — जिंकली! अर्ध्या मानेनं! अब्बा वळले तेव्हा सगळं संपलं होतं. रिकाम्या मैदानाकडे बघून ते रडले.

एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. निकाहच्या दिवशीसुद्धा नाही. खरं ते खरं.

२ सप्टेंबर

पोटात ओढ लागल्यासारखं वाटतंय. दोन्ही वेळा असंच सुरू झालं होतं. भीती वाटते. म्हणून एक गोष्ट लिहूनच टाकते.

एप्रिलमध्ये मी फार्मवर गेले होते. तिसरा महिना होता, घरात कुणाला सांगितलं नव्हतं. काजल गाभण, दिवस भरलेले, सावलीत डुलक्या घेत होती. तिचा दोर मातीत पडला होता. मी तो ओलांडला. चुकून नाही, मुद्दाम! माझी मुलं लवकर येतात. घोडी अकरा महिने सांभाळते. मला अकरा नकोत, नऊच हवेत. पण सात नकोत!

अब्बांनी पाहिलं. शर्यतीच्या वेळी फिरवायचे तसं तोंड फिरवलं.

२६ सप्टेंबर

सातवा सरला, आठवाही सरला! अजून आत आहे.

९ ऑक्टोबर

रोजे चालू आहेत. अम्मी उपाशी राहून मला भरवतात आणि भरवता भरवता बोलतात. मी कूस बदलली तरी ओरडतात. पाठ सोलून निघालीय. इकबाल ओव्हरटाइम करून येतो, "कसं आहे?" विचारतो आणि उत्तराआधी घोरायला लागतो. आज अम्मींना म्हटलं, मला घटकाभर उंबऱ्यात बसू द्या. नाही म्हणाल्या. मी ताट ढकललं.

मग ६५ ची शर्यत आठवली. काजल आतल्या कठड्याला, पुढं दोन घोडे, बाजूला तिसरा. कोंडली! जॉकीनं लगाम आवळून धरलेला. "फट पडेल अब्बा, आत्ता पडेल," मी सांगत राहिले. पडलीच नाही. चौथी आली. परतली तेव्हा अंग कोरडं होतं, आणि संध्याकाळभर दाराला लाथा मारत होती. लोक म्हणाले, घोडी संपली. काय कळतं लोकांना! दम होता, वाट नव्हती. तेव्हा मला तिची नुसती दया आली होती. आज तिच्यासारख्या लाथा माराव्याशा वाटतात.

२ नोव्हेंबर

आजची तारीख दिली होती. काही नाही.

११ नोव्हेंबर

नऊ दिवस वर झाले. बाळ फारसं हलत नाही. कस्तुराबाईंनी नळी लावून ऐकलं, हसल्या, पण नीट हसल्या नाहीत. "उद्या सकाळी भरती व्हायचं बरं का ताई."

मीच केलं हे. मीच ओलांडला. नऊ मागितले आणि अकरा पदरात पडले तर? आतल्या आत गुदमरलं तर? कुणाला सांगू? अम्मींना कळलं तर मला उभं जाळतील.

दुपारी त्या भाजीची सुरी घेऊन खाटेखाली शिरल्या. केवढा वेळ! धापा टाकत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "चूहा है." सुरी घेऊन उंदीर मारतात का कुणी? बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. बहुतेक धुळीनं.

कळ आली. पुन्हा एक. वही ठेवते.

१४ नोव्हेंबर, दवाखाना

मुलगी! निळी होती, मग रडली. रडतच आहे. रडू दे!

२० नोव्हेंबर

घरी आले. कस्तुराबाईंनी विटा काढायला खाट सरकवली आणि म्हणाल्या, "अगं बया, हे काय?" मी वाकून पाहिलं. खाटेखाली, एका पायापासून समोरच्या पायापर्यंत, दोर बांधलेला. मधोमध सुरीनं कापलेला. गाठी तशाच, घट्ट. दोर काजलचा. मी आंधळी झाले तरी हातानं ओळखेन. तीन महिने मी त्याच्यावर झोपले होते!

अम्मी दारात उभ्या होत्या, बाळाला घ्यायला हात पुढं केलेले. मी म्हटलं, "अम्मी, एप्रिलमध्ये मी पण ओलांडला होता."

"मालूम है. तेरे अब्बा नल पे बोले ना! पर एक बार लांघने से क्या होता गे? वो दोर लाए, मैं बांधी."