सातबाऱ्यावरचे दुसरे नाव

उमेळे, वसई
९ जुलै २०२५

प्रिय सुशीला हिस,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. सातवीनंतर लिहायची सवय सुटली, अक्षर सांभाळून घे.

इकडे ठीक आहे, म्हणजे चालले आहे. केळीवर करपा आला. मोगऱ्याच्या कळ्या पावसाने काळ्या पडल्या. शेजारच्या वाडीत सात मजले उभे राहिले, दुपारनंतर आपल्या विहिरीवर ऊन येत नाही. गुडघा दुखतो. केळव्याला पाऊस कसा आहे? तुझ्या रिद्धीची नोकरी चालू आहे ना?

सरकारचे दोन हजार दर चार महिन्यांनी येतात, त्यात माझे खत-औषध भागते. केयूर म्हणतो, बाबा, एवढ्यासाठी कशाला जीव टाकता. त्याचा पगार एक तारखेला येतो, त्याला काय. आता शेतकरी ओळखपत्र काढा, नाहीतर हप्ता बंद, असे समजले. मला जेवण जाईना.

शिबिर शाळेत होते. संगणकावरच्या मुलीने सातबारा उघडला. दोन नावे, माझे आणि तुझे.

"आजोबा, या सुशीलाताई कुठे असतात?"

इथपर्यंत लिहून चार दिवस कागद तसाच ठेवला होता.

मला वाटले, आता बहिणीला घेऊन या म्हणतील. तुला कुठल्या तोंडाने बोलावू? सहा वर्षांपूर्वी तू हिस्सा मागायला आलीस, तेव्हा मी तुला ओट्यावरूनच परत पाठवली. तू भांडलीही नाहीस. चपला घालून निघालीस. त्यानंतर आपली भाऊबीज झाली नाही.

मी सांगितले, ती वारली.

मुलीने मला तिथेच बसलेल्या तलाठ्यांकडे पाठवले. त्यांनी जबाब लिहून घेतला, वारस विचारले. घाबरून मी रिद्धीचे नाव आणि केळव्याचा पत्ता दिला, सही केली. ती वाकडी आली. त्यांना वाटले दुःखाने.

आपल्या आळीतला सेबॅस्टियन रांगेत मागेच होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "दयाराम, सुशीला कधी गेली रे? परवा पालघरच्या बाजारात वांगी घेत होती." मी छत्री उघडू लागलो, तसा तोच म्हणाला, "मग तेराव्याचे जेवण ठेव, वाढायला तिलाच बोलव." मग हसायचे थांबून त्याने सांगितले, त्याच्या सातबाऱ्यावरही बहिणीचे, प्रिस्काचे, नाव आहे. तिला कोणी आणायला सांगितले नाही. नुसता फोन नंबर घेतला.

म्हणजे खोटे बोलायची गरजच नव्हती.

आता रिद्धीच्या नावाने वारस नोंदीची नोटीस येईल. त्यात तुझ्या नावाआधी कैलासवासी लिहिलेले असेल. पोरीच्या हातात ती पडण्याआधी हे पत्र पोहोचावे. खरे सांगायला मी दोनदा चावडीच्या पायरीपर्यंत गेलो. खोट्या जबाबाबद्दल धरतील, हप्ताही जाईल, या भीतीने परत आलो.

हप्ता जाऊ दे. सोमवारी, २१ तारखेला, अकरा वाजता तलाठी असतात. तू ये. माझ्यासमोर त्यांना सांग की हा खोटे बोलला. मी हो म्हणेन. हिस्सा वेगळा करायचा अर्जही त्याच दिवशी दे, मी सही करीन. नाहीच आलीस तर मी एकटा आत जाईन. पण मी आधी एकदा पुसून टाकलेल्या माणसाबद्दल माझे ऐकतील का, ठाऊक नाही.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटते, पण खाली लिहायला दुसरे नाते मला नाही,

दयाराम