सान बेनितोची शाळा

सान बेनितो, पांपांगा, फिलिपिन्स
१९ एप्रिल १९४७

प्रिय फेर्मिनदादा,

साष्टांग नमस्कार. तुझं फेब्रुवारीतलं पत्र मार्च सरता सरता हातात पडलं, आणि मागोमाग खोकंही आलं. कॉफी, साबण, सुयांची पाकिटं, सगळं नीट पोचलं. लोकरीच्या दोन बंड्या पाहून मात्र हसू आलं. अठरा वर्षं अमेरिकेत, स्टॉकटनच्या थंडीत शेतं खणून तुला इथला एप्रिल आठवेनासा झाला वाटतं! बंड्या उसवून मी त्यांची लोकर काढून ठेवली आहे. साबण अर्धा रोसिंगमावशीला दिला. तिचं घर जळाल्यापासून ती अजून चर्चच्या पडवीतच राहते, तीन नातवंडं घेऊन.

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहायला बसले, दोन्ही वेळा कागद चुलीत गेला.

इथं ऊन मी म्हणतंय. घरामागं बाँब पडून जो खड्डा झाला होता त्याचं आता डबकं झालंय, त्यात पालेभाजी माजली आहे. त्यामुळे भाजीची ददात नाही. माझं शिवणाचं मशीन चालू आहे. पिठाच्या पोत्यांचे सदरे शिवते, काही पोरांच्या पाठीवर अजून गिरणीचं नाव वाचता येतं.

तू विचारलंस की बाबांची तब्येत कशी आहे. त्याचं सांगते. आधी क्रिसांतोचं सांगू दे, कारण त्याच्याबद्दल तू जे लिहिलंस ते मनाला लागलंय.

“ज्यांनी आपल्याला जपान्यांच्या तावडीतून सोडवलं त्यांच्याच मदतीला माझा मेहुणा लाथ मारतो, इथल्या आपल्या माणसांत मला मान वर करता येत नाही,” असं तू लिहिलंस. दादा, तू त्यांच्या फौजेचा गणवेश घातलास. तिथं तुला राहायचंय. मी तुझ्यावर रागावले नाही. पण तुला तिथल्या वर्तमानपत्रात जे वाचायला मिळतं, त्यापेक्षा इथं काय घडलं ते निराळं आहे.

गेल्या एप्रिलच्या निवडणुकीत क्रिसांतो निवडून आला तेव्हा गावानं त्याला खांद्यावर घेतलं होतं. जंगलात राहून जपान्यांशी लढलेला, कुळांचे खटले फुकट चालवणारा वकील. त्याला मत दिलं नाही असं आमच्या बाजूला एकही घर सापडायचं नाही. संसदेच्या पहिल्या दिवसासाठी मी त्याला पॅराशूटच्या कापडाचा पांढरा कोट शिवला. बाबांनी आपला जुना काळा टाय काढून दिला. आम्ही तिघंही मनिलाला गेलो.

मनिला तू बघू नकोस. जिथं तू बोटीत चढलास तिथं आता नुसता विटांचा ढीग आहे. संसदेची इमारतही उरली नाही, म्हणून एका जुन्या शाळेत सभा भरत होती. बाबांना त्याचा कोण आनंद! “बघ सालुद, देशाचा कारभार शेवटी शाळेतच आला,” म्हणाले.

मग हजेरी झाली. कारकून एकेक नाव वाचत होता, सभासद उठून “हजर” म्हणत होते. आमच्या प्रांताची पाळी आली आणि तो क्रिसांतोचं नाव गाळून पुढं गेला. बाबांना वाटलं, चुकून राहिलं. चाळीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस तो! प्रेक्षकांच्या सज्ज्यात उभे राहून मोठ्यानं म्हणाले, “अहो, एक नाव राहिलं!”

सगळी सभा हसली. शिपाई आला, म्हणाला, “आजोबा, खाली बसा.”

“अरे पण पोरगा वर्गात आहे! तो काय समोर बसलाय.”

क्रिसांतोनं खालूनच मान हलवून त्यांना बसायची खूण केली. त्या दिवशी आमच्या भागातून निवडून आलेल्या आणखीही काही जणांना बाहेर ठेवलं. निवडणुकीत दांडगाई झाली, चौकशी होईपर्यंत जागा मिळणार नाही, हे कारण दिलं. चौकशी काही झाली नाही. खरं कारण बाजारातल्या मासेवालीलाही ठाऊक होतं. अमेरिका म्हणाली होती, युद्धात तुमचं जे जळलं त्याची भरपाई देऊ, पण पाचशे डॉलरपलीकडचा एक पैसाही सुटायचा तर आधी आमचा व्यापारी करार माना. आणि करारात असं की इथल्या जमिनीवर, खाणींवर, जंगलांवर त्यांच्या माणसांना आपल्याइतकाच हक्क द्यायचा. त्यासाठी राज्यघटना बदलायची, आणि घटना बदलायला चारांत तीन मतं लागतात. क्रिसांतो आणि ते बाकीचे आत बसले असते तर तेवढी मतं भरली नसती.

नवं सरकार, दादा. स्वातंत्र्याचं निशाण जुलैत चढायचं होतं. तिजोरीत खडखडाट आणि अर्धा देश जळलेला. ते तरी काय करणार, असं मीसुद्धा म्हणत असे. क्रिसांतोजवळ नाही, मनात.

ऑगस्टमध्ये मनिलाहून वेलार्दे नावाचे गृहस्थ आले. जीपमधून उतरले, बिस्किटांचा डबा बाबांच्या हातात दिला, खाली वाकून नमस्कार केला. फार गोड माणूस. क्रिसांतोला म्हणाले, “वकीलसाहेब, दोन ओळी लिहून द्या. घटनादुरुस्तीच्या बाजूनं मत देईन, बस्स. उद्या तुमची खुर्ची तुम्हाला. आणि तुमच्या गावची जळालेली शाळा नव्यानं बांधायच्या यादीत पहिली.”

“आणि नाही लिहून दिलं तर?”

“तर काय? खुर्ची रिकामी राहील. शाळाही राहील, त्या पत्र्याखाली.” ते हसले. “मी धमकी देत नाही हं. मी नुसता निरोप्या.”

क्रिसांतोनं त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं. जीप दिसेनाशी झाली तशी बाबा म्हणाले, “सही कर.”

“मास्तर!” (आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तो त्यांना मास्तरच म्हणतो.)

“सही कर म्हणतो. त्या पत्र्याखाली दुपारी पोरांना घेरी येते. माझं काय, मी आज आहे उद्या नाही. मला चार भिंती बघायच्या आहेत.”

“लोकांनी मला ह्यासाठी नाही पाठवलं.”

“लोकांनी तुला पाठवलं आणि मनिलावाल्यांनी तुला दाराबाहेर ठेवला! काय केलंस तू लोकांचं? एक वीट आणलीस?”

क्रिसांतो उठून बाहेर गेला. जेवला नाही. महिनाभर दोघं एकाच पंगतीला बसून एकमेकांशी बोलत नव्हते. “मीठ दे म्हणावं त्याला,” असं माझ्यामार्फत चालायचं. मी दोघांवर वैतागले होते.

सप्टेंबरात दुरुस्ती संसदेत जेमतेम पास झाली. त्यानंतर आमच्या भागात पोलीस कुळांच्या पुढाऱ्यांना उचलू लागले, तेव्हा क्रिसांतो घर सोडून गेला. कुठं आहे ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी पत्रात लिहिलं नसतं. तो गेला त्या सकाळी बाबा त्याच्या मागोमाग बांधापर्यंत चालत गेले. काय बोलले, देव जाणे. परत आले ते बिनटोपीचे. आपली टोपी त्याला देऊन आले होते.

संसदेनंतर लोकांचा कौल घ्यायचा होता, ११ मार्चला. त्याच्या आदल्या रविवारी प्रार्थनेनंतर नगराध्यक्ष नार्सिसोनं चौकात सभा ठेवली. नार्सिसो तुझ्या वर्गातला, तू त्याचे लाडू पळवायचास तो. त्यानं बाबांना बोलायला बोलावलं. त्याला वाटलं, मास्तर अमेरिकन शिक्षकांच्या हाताखाली शिकलेले, शाळेसाठी जीव टाकणारे, त्यांच्या तोंडून “हो” आलं की गाव निमूट मत देईल. मलाही तसंच वाटलं होतं.

बाबा व्यासपीठावर चढले. घसा खाकरला.

“मला शाळा हवी,” म्हणाले. “इतकी हवी, की ह्यापायी मी जावयाशी भांडलो. मी तुम्हा सगळ्यांना शिकवलं, भूक लागली तरी दुसऱ्याच्या डब्याला हात लावू नका. पण डबा उघडून नाकासमोर धरायचा आणि म्हणायचं, आधी तुझं शेत लिहून दे, अशा माणसाशी कसं वागावं, ते मी शिकवलं नाही. तो धडा राहून गेला. मदत करणारा माणूस मी पाहिलाय. मला इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांनी मला चपला घेऊन दिल्या, त्या बदल्यात माझ्या बापाचं शेत मागितलं नाही. आणि ही मदत करण्यासाठी माझ्या पटावरची पोरं वर्गाबाहेर काढावी लागतात. मी मंगळवारी ‘नाही’ असं लिहिणार आहे.”

मग मागून रोसिंगमावशी ओरडली, “मास्तर, तुमच्या डोक्यावर छप्पर आहे! माझ्या नाही!”

बाबा तिच्याकडे वळले. “खरं आहे, बाई,” म्हणाले आणि खाली उतरले. परत येताना वाटेत त्यांनी माझा हात धरला होता. मला म्हणाले, “तिचं घर आधी व्हायला हवं गं.”

दादा, आता ते सांगते.

सोमवारी दुपारी साखर कारखानदारानं कुळांना धाकात ठेवायला पाळलेले बंदूकवाले पत्र्याच्या शाळेत शिरले आणि बाबांना पोरांसमोरून घेऊन गेले. जावई कुठं आहे ते सांगा, म्हणत होते. मी नार्सिसोकडे धावले. तो म्हणाला, “चौकशी आहे ताई, संध्याकाळी सोडतील.” कारखान्याच्या फाटकाशी मी दोन दिवस बसून होते. मत द्यायलाही गेले नाही. बुधवारी त्यांना सोडलं. कपडे ओले होते. गोदामात सिमेंटवर निजवून वरून पाणी ओतत होते, इतकंच ते बोलले. मारलं का, विचारलं तर म्हणाले, “पोरं होती गं. बंदूकही धड धरता येत नव्हती त्यांना.”

छातीत कफ धरला. मी आल्याची पेज भरवायची, ती ओघळून जायची. डॉक्टर सान फेर्नांदोहून आला, पण औषध नव्हतं. ईस्टरआधीच्या पाम रविवारच्या आठवडाभर आधी, सकाळी, दारात कोंबड्या ओरडत होत्या, तेव्हा गेले.

शेवटपर्यंत शुद्ध होती. मला जवळ बोलावून म्हणाले, “फेर्मिनला लिही, म्हातारपणानं गेले. बाकी काही लिहू नकोस. त्याला त्या देशात राहायचंय. रोज कामावर जाताना त्याच्या पोटात हे नको.” मी हो म्हटलं. चुलीत घातलेल्या दोन्ही पत्रांत मी तेच लिहिलं होतं, म्हातारपणानं, झोपेत, शांतपणे. वाचून बघितलं तर ते दुसऱ्याच कुणाचे बाबा वाटत होते.

गावानं “हो” म्हटलं. रोसिंगमावशीनंही. मी तिला दोष देत नाही. बाबांसाठीच्या नऊ रात्रींच्या प्रार्थनेला रोज सगळ्यांत आधी तीच यायची आणि भांडी घासून सगळ्यांत शेवटी जायची. मत देण्याआधीच कोर्टानंही बाहेर ठेवलेल्यांच्या दाव्यावर हात झटकले होते, हा राजकारणाचा मामला, आम्ही यात पडत नाही. क्रिसांतोची खुर्ची अजून रिकामीच आहे. बाबा गेल्याचं त्याला कळलंय की नाही, कोण जाणे.

आता शाळा होणार. माणसं येऊन जागा मोजून गेली. परवा नार्सिसो आला, टोपी काढून दारातच उभा राहिला. म्हणाला, “ताई, शाळेला मास्तरांचं नाव द्यावं असं गावाच्या मनात आहे. कागद मनिलाला पाठवायचाय. घरच्यांची संमती लागते.”

मी म्हटलं, “त्या पैशाच्या भिंतीवर माझ्या बापाचं नाव नको. त्यांना गोदामात नेलं तेव्हा कुणाची संमती घेतलीत?” तो रडला, दादा. खरंच रडला. मला त्याची कीवही आली नाही.

संध्याकाळी रोसिंगमावशी आली. म्हणाली, “दे गं नाव. नाहीतर त्या कारखानदाराच्या बापाचं देतील. निदान पोरं विचारतील तरी, हिलारिओ पुन्सालान कोण होता म्हणून. मी सांगेन त्यांना.” त्या रात्रीपासून मला काही सुचत नाही. बाबांना ती शाळा हवी होती, हेही खरं. ती अशी नको होती, हेही खरं.

थोरला तू आहेस. नाव द्यायचं की नाही हे तू ठरव. आणि ते ठरवायचं तर तुला सगळं माहीत असायला हवं, म्हणून मी बाबांना दिलेला शब्द मोडला. त्याचं जे व्हायचं ते होवो. तू तिथं कुणाशी भांडू नकोस. कामावर जात राहा. ज्यांच्याबरोबर शेतात राबतोस त्यांनी हे केलेलं नाही, हे बाबांनाही कळत होतं.

लवकर लिही. कागद महिनाअखेर जायचा आहे, तुझं उत्तर पोचेपर्यंत तो थांबवून ठेवायला मी नार्सिसोला सांगितलंय. तेवढं तो करील. “हो” लिहिलंस तरी मी रागावणार नाही. ह्या घरात त्या शब्दावरून पुरेसं रागावून झालंय.

तुझी बहीण,
सालुद