चाळीस हेक्टर नष्ट

६ मार्च
नोकरीचा पहिला आठवडा संपला. घरातली पहिली पदवीधर मी, तेव्हा जबाबदारी मोठी. संकल्प: उपग्रहाच्या फोटोंवरून अख्ख्या किनाऱ्याचा नकाशा महिन्याभरात पूर्ण करायचा. ऑफिसातले म्हणतात, तीन महिने लागतील. ते चहा फार पितात.

९ मार्च
ढग. किनारा दिसतच नाही. ढगांना कोणी जाब विचारत नाही, मला विचारतात.

१० मार्च, दुपारी
भयंकर शोध. आई वीस वर्षं जिथे शिंपले काढते ती खाडीतली चिखलपट्टी नाहीशी झाली आहे. गेल्या वर्षीच्या फोटोत तपकिरी, यंदाच्या फोटोत नुसती निळी. चाळीस हेक्टर. डबा उघडवला नाही. (नंतर थोडा उघडला.)

संध्याकाळी
घरी बातमी सांगितली. आई नुकतीच टोपलीभर शिंपले घेऊन आली होती, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाली, मग हे काय मी ढगातून वेचले? समजावलं की जमिनीवरच्या माणसाला एकूण चित्र दिसत नाही. तिने विचारलं, फोटो किती वाजता काढला? म्हटलं, उपग्रह नेहमी साडेदहालाच जातो, पण वेळेचा इथे काय संबंध? दादा म्हणाला, आई, पाय बाहेर धू, नाहीशी झालेली जमीन घरात येतेय.

१२ मार्च
अहवाल दिला. चिखलपट्टीपुढे 'नष्ट' लिहिताना डोळे भरून आले. आता तरी वरचे जागे होतील.

१९ मार्च
वरचे जागे झाले. साहेबांनी शाबासकी दिली. तिथे बोटींचा धक्का बांधायचा अर्ज चिखलपट्टीमुळेच वर्षभर अडकला होता. आता ती नाहीच म्हटल्यावर हरकत कसली? सोमवारी मंजुरी. फाइलमध्ये सर्वांत वर माझा नकाशा.
मी ती वाचवायला निघाले होते, हे सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, नसलेलं काय वाचवणार?

२० मार्च
शेजारच्या टेबलावरच्या काकांना दोन्ही फोटो दाखवले. म्हणाले, घड्याळात साडेदहाच, पण भरतीची वेळ रोज पुढे सरकते; पहिला ओहोटीचा, दुसरा ऐन भरतीचा. पट्टी पाण्याखाली आहे, जाते कुठे? भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता माझ्याच खुर्चीमागे आहे. त्याच्या खिळ्याला मी पहिल्या दिवसापासून पर्स अडकवते. म्हटलं, ही माहिती मला लेखी मिळायला हवी होती. काका म्हणाले, तक्ता लेखीच आहे.
साहेबांकडे गेले. म्हणाले, मंजुरी थांबवायची तर सोमवारच्या आत जागेवरची पाहणी आणि जाणकाराची सही हवी. जाणकार म्हणून मी स्वतःला सुचवलं. ते फाइल वाचत राहिले.

२२ मार्च, रविवार
आईबरोबर पाहणी. नष्ट झालेल्या जमिनीत मांडीपर्यंत रुतले. एक बूट अजून तिथेच आहे. आई म्हणाली, ओढू नकोस, आडवी हो. मग मला शिंपल्यासारखं उकरून काढलं.

२३ मार्च
मंजुरी थांबली. आता दर ओहोटीला फेरपाहणी. साहेबांनी आईला स्वतःची खुर्ची दिली, चार प्रश्न विचारले. तिने सहा उत्तरं दिली.
फॉर्मवर 'जाणकार' या रकान्यात आईची सही आहे. माझी 'मदतनीस' या रकान्यात. वरचा रकाना जरा अरुंद आहे, दोघींची मावली नसती.